घरातला कापूस गेला की

बोरी अरब,
१७ जानेवारी २०१२

प्रिय उर्वशी,
सप्रेम जयभीम.

"ताई, घरातला कापूस गेला की अपूले आणून सोडतो." हे वाक्य तुझं आहे. तुला आठवतं की नाही, माहीत नाही. तू अंगणात उभी होतीस, अपू तुझ्या खांद्यावर झोपलेली, आणि भाऊजी बाहेर गाडीवाल्याला थांबवून धरत होते. निघताना माणूस काहीतरी बोलतो, तसं तू ते बोलून गेलीस. मी मात्र धरून ठेवलं. आज सकाळपासून तेच मनात घोळतंय, म्हणून आधी लिहून टाकलं. आता बाकीचं लिहिते.

आम्ही सगळे बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा थंडीत धरतो, पण तोंड ठीक आहे. धम्मदीप आयटीआयच्या परीक्षेसाठी यवतमाळलाच थांबला आहे. गव्हाला पाणी देणं चालू आहे. माझी अंगणवाडी चालू आहे. या वर्षी पोरं कमी, सर्दी जास्त. तुमचं कसं आहे? भाऊजींची नागपूरची बदली नक्की झाली का?

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू रडतेस. तू रडलीस की मी मोठी जाऊ होते आणि तुझी समजूत घालायला लागते. मग माझं बोलायचं राहूनच जातं.

तुझा जुना मायक्रोवेव्ह ओव्हन छान चालतो. त्यासोबत तू दिलेलं ते प्लास्टिकचं भात शिजवायचं भांडं, राइस कुकर, तेही आवडलं. दोन्ही बाजूंना चिमटे असलेलं त्याचं झाकण सासूबाई दिवसातून एकदा तरी उघडून लावून बघतात. "चूल नाई, जाळ नाई, अन् भात शिजते म्हणे," असं शेजारच्या बायांना सांगतात. तुम्ही नवा ओव्हन घेतला आणि जुना आम्हाला दिला, हे मात्र त्या कुणाला सांगत नाहीत. मीही सांगत नाही.

मी त्यात केक केला. चॉकलेटचा, तू अपूच्या वाढदिवसाला केला होतास तसा.

त्या दिवसाचं तुला सांगायचं राहिलं आहे. वणीला तुमच्या क्वार्टरमध्ये मी खुर्चीवर बसले होते आणि तुम्ही दोघी ओट्यापाशी होतात. तू मैदा आणि कोको चाळलास. अपूने न सांगता दही पुढे केलं. तू हात लांब केलास, तिने तेलाची बाटली दिली. तुम्ही दोघी एकमेकींशी बोलतही नव्हता, उर्वशी. गरजच नव्हती. मग ती ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी राहिली आणि ओरडली, "मम्मी, फुगला! मम्मी, लवकर ये!" तू तिच्या मागे जाऊन तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवलीस. दोघी वाकून आत बघत होतात. आतल्या दिव्याचा पिवळा उजेड दोघींच्या तोंडावर होता.

मग तिला माझी आठवण झाली. तिने मला पाणी आणून दिलं. ग्लासाखाली बशी होती.

आपल्या घरात पाहुण्यांना असं पाणी देतात. मीच तिला शिकवलं होतं.

केक चांगला झाला होता. मी दोनदा घेतला आणि तुझं कौतुक केलं. बसमध्ये मात्र पांढरकवड्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. यांनी विचारलं, "काहून गप्प हायेस?" मी म्हटलं, गाडी लागते. मला आजवर कधी गाडी लागली नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी ठरवलं की हा केक मला आला पाहिजे. अपू सुट्टीत येईल तेव्हा माझ्या हातचा केक खाईल. तुझ्यापेक्षा चांगला. हे शेवटचे शब्द लिहिताना मी जरा थांबले, पण खोडत नाही.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. मैदा, पिठीसाखर, कोको, तेल, दही, सोडा. झाकण नुसतं ठेवायचं, चिमटे लावायचे नाहीत, वाफेला वाट पाहिजे, हेही ध्यानात ठेवलं. सात मिनिटं लावली. उघडून बघते तर कडेला जरा धरलेलं आणि मध्ये नुसता चिखल.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "हे तं सारवाले बरं हाय."

यांनी चमच्याने चाखून पाहिलं. "शिरा म्हून वाईट नाई," म्हणाले, आणि खरंच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा तसाच. त्या दिवशी सासूबाईंनी तोंड उघडलं. "ते तुले पुरं सांगनच कायले? एखांदी चीज राखून ठेवली असन तिनं. बाया ठेवतेतच."

मी म्हटलं, "तशी नाई ते." पण ऐकताना मला किती बरं वाटलं, काय सांगू! वाटलं, असंच असू दे. तू काहीतरी लपवलं असू दे. इतक्या वर्षांत तुझी एकही खोड मला सापडली नाही. अपूचं अंग कडुलिंबाच्या पाण्याने पुसत तू रात्र रात्र जागलीस. तिच्या शाळेच्या सगळ्या कार्यक्रमांना गेलीस. मला बोलावल्याशिवाय तिचा एकही वाढदिवस केला नाहीस. तुझ्यावर रागवायला मला जागाच ठेवली नाहीस. निदान एका केकात तरी तू खोटी निघ, असं वाटत होतं.

म्हणून तुला न विचारता मी अपूला फोन केला. तू दळण आणायला गेली होतीस. मी आवाज खाली करून विचारलं, "अपू, मम्मी केकमध्ये अजून काय टाकते गं? मले सांगायचं राह्यलं असन तिचं काही."

ती म्हणाली, "आई, मम्मीनं सगळं सांगितलंय तुला. मम्मी काही लपवत नाही."

तेरा वर्षांची पोर. किती शांतपणे बोलली. तुझ्या बाजूने माझ्याशी इतक्या शांतपणे बोलणारी माझी लेक! मी फोन ठेवणार होते.

तेवढ्यात तीच म्हणाली, "आई, तिकडे पंप चालू असतील ना आता? गव्हाचे?"

"हो, मग?"

"मग लाइन कमी येते ना गावात! पंप चालले की आपल्या घरातला बल्ब लाल होऊन जाय, मले आठवते. मी अभ्यासाले बसली की तू म्हणे, थांब, पंप बंद होऊ दे. आई, ओव्हनलेही लाइन कमी पडून राह्यली असन. सात मिनिटं इथली आहेत. इथं लाइन जातच नाही."

मले आठवते, म्हणाली. तुमच्याकडे ती "मला" म्हणते. शाळेत म्हणते, तुझ्याशी बोलतानाही म्हणते. माझ्याशी फोनवरसुद्धा म्हणते. त्या लाल बल्बाशी पोचली आणि तिची जीभ आपसूक या घरात आली.

उर्वशी, मला वाटत होतं की ती सगळं विसरली. तिने ते घर विसरावं असंच होतं. अपू पहिलीत होती त्या साली कापसाला भाव नव्हता आणि लोक म्हणत होते, थांबा, वाढेल. आपणही थांबलो. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला, मग मधल्या खोलीत, मग पलंगाखाली. पोरगी कापसावरच झोपायची, आणि सकाळी उठायची ती अंग ओरबाडत. गळा, पोट, मांड्या, सगळीकडे लाल फोड. डॉक्टर म्हणाले, कापूस घरातून काढा, नाहीतर पोरीला घरातून काढा. आम्हाला कापूस काढता आला नाही.

म्हणून तू तिला नेलंस. आणि ते वाक्य बोललीस.

पुढच्या वर्षीही कापूस घरात आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. एकदा मे महिन्यात तिला आणलं, तर दोन दिवसांत तिचं अंग पुन्हा भरलं आणि भाऊजी येऊन घेऊन गेले. जाताना ती रडली नाही. त्या दिवसापासून आपण कुणी तो विषय काढला नाही. तू तुझं वाक्य परत बोलली नाहीस आणि मी तुला आठवण करून दिली नाही.

काल शेतातल्या पंपांची लाइन दुपारीच गेली आणि पंप बंद पडले. घरची लाइन राहिली. मी बल्ब लावून बघितला. पांढरा लख्ख! हात धुतले आणि केक लावला. ओव्हनच्या काचेपाशी मीच वाकून उभी राहिले. तो फुगला. मध्यभागी आधी एक फोड आला, मग सगळा वर आला. मी ओरडले नाही. कुणाला हाक मारायची होती, तीच इथे नव्हती. सासूबाई उन्हात बसल्या होत्या. त्यांना तुकडा दिला तर चाखून म्हणाल्या, "म्हंजे तिनं खरंच पुरं सांगतलं होतं." जरा हिरमुसल्याच.

तू काही राखून ठेवलं नव्हतंस. मी ठेवलं आहे. तुझ्या प्रश्नाला महिना होत आला आणि मी उत्तर दिलं नाही.

तू विचारलंस, "ताई, नागपूरच्या शाळेत घालताना अपूले आमचं नाव लावू का?" मला कळतं की तू उगाच विचारलं नाहीस. आजवर कधी काही मागितलं नाहीस तू. मला हेही कळतं की माझ्याजवळ धम्मदीप आहे आणि तुझ्याजवळ अपूशिवाय कुणी नाही. इथे बायाही तेच म्हणतात. "एक देल्लं तं काय झालं? घरातल्या घरातच हाय." हे म्हणतात, तू म्हणशील तसं. असं कसं मी म्हणेन तसं! मी काय म्हणणार आहे, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

मला तुझा हेवा वाटतो, उर्वशी. तुझ्या क्वार्टरचा नाही, ओव्हनचा नाही. तिच्या डोक्यावर टेकलेल्या तुझ्या हनुवटीचा वाटतो. तिची उंची तेवढी झाली, आणि ती कधी झाली ते मला माहीत नाही. हा हेवा चांगला नाही. तुझ्यासारख्या बाईचा हेवा करणं तर फारच वाईट. पण तो आहे, आणि नाही म्हणून लिहिलं तर या पत्राला अर्थ राहणार नाही.

आता एक सांगते. या वर्षी आम्ही कापूस घरात आणला नाही. वेचला तसा शेतातूनच गाडीत भरून जिनिंग कारखान्यात दिला. भाव काय मिळाला ते विचारू नकोस. पुढची खोली रिकामी आहे. मी ती झाडली, पुसली, चुना मारला. आठ दिवसांपासून मीच तिथे झोपते आहे, अंगाला काही होतं का बघायला. काही होत नाही.

घरातला कापूस गेला, उर्वशी.

उद्या हे वणीला येत आहेत. काल लगेच दुसराही केक लावला होता, तो तुझ्याच भांड्यात अख्खा देते आहे. झाकणाचे चिमटे आता लावले आहेत, यवतमाळला गाडी बदलायची आहे म्हणून. रिकामं भांडं परत देऊ नये, ही आपल्या घरची रीत. तूही पाळतेस. तुझ्याकडून इथे कधी रिकामा डबा आला नाही. म्हणून हे भांडं तू परत पाठवशील, तेव्हा त्यात काय घालायचं याचा विचार करत बसशील, हे मला माहीत आहे.

काही घालू नकोस. या वेळी ते रिकामंच येऊ दे, फक्त अपूच्या हाती येऊ दे. परीक्षा झाली की तिला पाठव. नवं नाव लावायच्या आधी तिला एकदा त्या खोलीत राहू दे. तू नाही म्हणशील, आणि तुझं नाही म्हणणं खरं असेल. कदाचित तिला विचारलंस तर तीच नाही म्हणेल, तेही शांतपणे. तरी मागते आहे. तिला पाठव, आणि घ्यायला कधी यायचं ते आधी ठरवू नकोस.

केक कापण्याआधी हात लावून बघ. मध्ये कच्चा नाही.

तुझी,
साधना