रिकामा श्वास

शनि. १० जाने.
जेनिस पडली. बॉक्सिंगच्या दुसऱ्या फेरीत उजवा मारायला गेली आणि त्या नालासोपाऱ्याच्या मुलीचा ठोसा आधीच तिथे होता. थेट हनुवटीवर. पंच आठपर्यंत मोजत होते. ती उठली, पण डोळे मला शोधत होते की कुणालाच नाही...
घरी फक्त पेज. चावता येत नाही. "मम्मी, तिला कळत होतं गं. मी मारायच्या आधीच."
एकोणीस वर्षांची आहे.

सोम. १२
गोखिवऱ्याला गेले, जेनिसचा सराव चालतो त्या गाळ्यात. तिच्या कोच देवरे सरांनी मोबाइलवर लढत सावकाश करून दाखवली. "ताई, उजव्याच्या आधी ही काहीतरी करते. मला सापडत नाहीये. त्या पोरीला सापडलंय."
दुसऱ्यांदा बघतानाच मला दिसलं. खांदे किंचित वर, ओठ उघडे, हनुवटी वर. श्वास.
काही न बोलता निघून आले.

बुध. १४
तो श्वास माझा आहे. होळी गावच्या चर्चमध्ये वीस वर्षं गायनमंडळ मी चालवते. सुराआधी हनुवटी उचलून श्वास घेते, सगळे माझ्याबरोबर घेतात, म्हणून सुरुवात एकत्र होते. जे. सहा वर्षांची असताना शिकवलं. विसरली की हनुवटीखाली बोट लावायचे. आधी श्वास, मग आवाज. बोट लावायचे तिथेच ठोसा...
सांगू? सांगितलं तर प्रत्येक ठोशाआधी स्वतःकडे बघत बसेल. गाताना होतं तसं, श्वासाकडे लक्ष गेलं की सूर हुकतो. नाही सांगितलं, तर महिनाअखेरीच्या स्पर्धेत पुन्हा तीच मुलगी. सोडत निघाली, पहिलीच लढत.

शुक्र. १६
सांगितलं. वालाच्या शेंगा सोलताना, तिच्याकडे न बघता.
आधी हसली. "म्हणजे मी तिला इशारा देऊन मारत होते?" मग, "तुला सोमवारी कळलं ना?"
चार दिवस.

मंगळ. २०
भीती होती तेच झालं. श्वास दाबून ठेवते, हात उशिरा निघतो. सरावातही मार खाते. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. हे म्हणाले, "तू पोरीला गाणं शिकवलंस, त्यात काय गुन्हा केलास?" तरी बरं नाही वाटलं.
तिला म्हटलं, या वेळी नको उतरूस.
"मम्मी, घाबरलीस की तुझा आवाज खाली जातो. माहितीये तुला?"
नव्हतं माहीत.

रवि. २५
चर्चमध्ये मिस्साला जे. गायनमंडळातल्या मोनिकाबाईच्या शेजारी उभी. दुसऱ्या कडव्याआधी पेटी एकटीच वाजत होती, मी अजून इशारा केला नव्हता. जे.ने मध्येच हनुवटी उचलली, श्वास घेतला आणि गायलीच नाही. मोनिकाबाई मात्र एकटी सुरू झाली, खणखणीत. फादरांनी मान वर केली.
बाहेर मोनिकाबाईने तिचा कान धरला. "मेले, सगळ्या चर्चसमोर फसवलंस मला!"
"सॉरी आंटी. प्रॅक्टिस करत होते."
"माझ्यावर? तिच्या नाकावर कर जा!"
वाटेत म्हणाली, "श्वास दाबायचाच नाही मम्मी. घ्यायचा. रिकामा."
मी हसले. पण लबाडी कितीदा चालते?

शनि. ३१, हॉलमध्ये
गीतांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितेय. खांबाआड बसलेय. तिनेच बजावलं, "समोर दिसू नकोस. तू श्वास घेतलास की माझाही घेतला जातो."
पहिली फेरी संपली. एक मिनिट आहे.
दोनदा रिकामा घेतला. पहिल्यांदा ती मुलगी फसली, पुढे आली, जे.ने डाव्याने गाठलं. दुसऱ्यांदा ती जागची हलली नाही. नुसती बघत राहिली. म्हणजे तिला आता कळलंय, श्वास खोटाही असतो. जे.लाही ते कळलंय. मग पुढचा खरा घेईल? आणि त्या मुलीनेही तेच धरलं असेल तर...
सर कानाशी काहीतरी सांगताहेत. जे. खांबाकडे बघतेय. तिला मी दिसत नाही, तरी मी तोंडावर हात धरलाय.
बेल.
जे.ची हनुवटी खाली आहे. अजून खाली आहे.