पप्पांचा दुसरा जबाब

कर्जत, मंगळवार

प्रिय रुचिता,

सप्रेम सलाम.

तीन आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. हाताने लिहिलेलं तू अर्धवट वाचून टाकणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. इथे सगळं ठीक आहे. पप्पा सध्या घरीच असतात. चौकशी संपेपर्यंत येऊ नका, असं कारखान्याने कळवलंय. तेवीस वर्षं सकाळी सहाची बस पकडणारा माणूस आता परसात दुधीच्या वेलाला मांडव घालतोय, आणि गुणगुणत घालतोय. बाजारात बायका हळूच विचारतात, ते तुमचेच का हो? मी मान वर करून हो म्हणते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

तुला हे बाहेरून अर्धंमुर्धं कळलं, ही आमची चूक. आता नीट सांगते. आठ वर्षांपूर्वी पप्पा याच साजगावच्या कारखान्यात सुपरवायझर होते तेव्हाची गोष्ट. माल वेळेत जायला हवा म्हणून त्यांनीच प्रेस मशीनवरच्या सखाला मशीनची संरक्षक जाळी काढून काम करायला सांगितलं. त्याच दुपारी सखाचा उजवा हात मनगटापासून गेला. पुढे चौकशीत पप्पांनी जबाब दिला की जाळी सखाने आपल्या मनाने काढली. सखाची नोकरी गेली. बेफिकीर माणूस असा शिक्का घेऊन तो कोंडाणे गावात आपल्या घरी बसला. तुला तो आठवत असेल. नाताळला आपल्याकडे जेवायला यायचा, तुला चिंचा आणायचा.

तेव्हापासून पप्पांनी चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलं नाही. भाकर आणि प्याला समोर आला की ते शेजारच्याकडे सरकवायचे. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं तर पित्ताचं कारण सांगितलं. उपासनेत सगळ्यांच्या वर ऐकू जाणारा त्यांचा आवाज हळूहळू बंदच झाला. मला वाटायचं, वेळ जाईल तसं विसरतील. पण यंदा ईस्टरआधीच्या लेंतच्या उपवासकाळात एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की ज्याचं वाईट केलंस त्याच्याकडे आधी जा, मग देवासमोर ये. पप्पा मध्येच उठून बाहेर गेले. मी मागोमाग आले तर मोटरसायकलला टेकून उभे होते. म्हणाले, "नंदा, आठ वर्षं मी देवाची माफी मागतोय आणि सखाला बघून रस्ता बदलतोय. हे देवाला कसं चालेल? तू येतेस का?"

आम्ही तसेच कोंडाण्याला गेलो. सखाच्या बायकोने, सोनुबाईने, पाणी दिलं, चटई टाकली. पप्पा चटई सोडून जमिनीवर बसले. त्यांनी सगळं सांगितलं. वरच्या साहेबांचा दबाव होता हे खरं असूनही त्यांनी ते सांगितलं नाही. मी केलं, मी खोटं बोललो, एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. सखाने त्यांना रडू दिलं. मग म्हणाला, "मला काय नवं सांगतो रं, विलास? जाळी कुनी काडाया लावली, त्ये मला ठावंच हाय. तुला ठावं हाय का नाय, एवढंच मी इतकी वरसं इचारीत बसलो व्हतो."

सोनुबाई मात्र दाराला धरून उभी होती. ती म्हणाली, "घरात येऊन रडलास, बरं क्येलंस. पन सारा गाव माझ्या घरधन्याला बेफिकीर म्हनतो. त्यो कलंक कोन पुसनार?"

दुसऱ्या दिवशी पप्पांनी पांढऱ्या कागदावर नवा जबाब लिहिला आणि एक प्रत कारखान्यात, एक सरकारी कार्यालयात नेऊन दिली. पोचपावती घेतल्याशिवाय हलले नाहीत. त्यांच्या साहेबाने समजावलं, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, कशाला उकरून काढता? ते नमस्कार करून निघाले. मग शुक्रवारी कोंडाण्याच्या ग्रामसभेत उभं राहून सगळ्या गावासमोर तेच बोलले. आवाज अगदी खणखणीत होता. लोक त्यांना वाटेल ते बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी सखा उठला, डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "माज्याकडून माफ हाय रं. आता झालं, घरी जा." त्या रविवारी पप्पांनी आठ वर्षांनी प्रभुभोजन घेतलं. सखाची केस आता पुन्हा उघडली आहे.

तू शेवटच्या फोनवर विचारलं होतंस, माझे पप्पा इतकं खोटं बोलूच कसे शकले? त्याचंच उत्तर द्यायला हे पत्र लिहिलं. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ते खरं सांगायला निघाले होते, पायात चपला घालून. मी दारात आडवी उभी राहिले. तुझी बारावी होती, नोकरी गेली तर पुढे काय, या भीतीने मी म्हणाले, सखाचा हात काही परत येणार नाही, मग आपलं घर का बुडवता? जाळी त्यानेच काढली म्हणून सांगा, हे शब्द माझे आहेत. नव्या जबाबात, सखासमोर, गावासमोर, पप्पांनी माझं नाव कुठेही घेतलं नाही. आणि मी या आठ वर्षांत एकदाही प्याला पुढे सरकवला नाही. दर महिन्याला घेत राहिले. येत्या रविवारी मी सोनुबाईकडे जाणार आहे. पप्पा सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. ती माफ करील की नाही, मला माहीत नाही. पण तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. तुझं नाव पुढे करून मी हे केलं, तरी तुझा यात कसलाच दोष नाही, हे लक्षात ठेव. माझ्यावर हवं तितकं रागव, मी ऐकून घेईन. पण हे वाचून झालं की पप्पांना फोन कर.

तुझीच,
आई