आडव्या पट्ट्यांचा जबडा

ब्लूमफोंटेन, रविवार

तीर्थरूप मापुलेंग आत्यास दिबुसेंगचा नमस्कार. तुझं तिकडे क्वाक्वात बरं असेल तर आमचंही इथे बरं चाललंय असं समज. गुडघा कसा आहे? आणि तुझ्या त्या शेळीलाही (जी मला बघून हमखास शिंकते) विचारल्याचं सांग.

तू चर्चमध्ये सांगतेस की भाची गोदामात दाणे मोजते. (दाणे धातूच्या आतले गं, मक्याचे नव्हेत.) आमचं यंत्र टायटॅनियमची भुकटी लेसरनं वितळवून थरावर थर चढवत माणसांची हाडं बनवतं. मी तेच आधी कॉम्प्युटरवर खोटं खोटं घडवते आणि आत दाणे कसे बसतील, तडा कुठे जाईल ते सांगते. निदान सांगावं अशी अपेक्षा असते. कर्करोगात खालचा जबडा गेलेले सेखोतोकाका नळीतून आंबील घेत आमच्या जबड्याची वाट बघत होते. कॉम्प्युटर म्हणे, सगळं उत्तम. यंत्रातून निघाला तो तडकलेला जबडा. पुन्हा केला, पुन्हा त्याच जागी तडकला. आमचे प्रमुख फूरी सर (चिडले की फार सभ्य होतात) मला 'प्लीज' म्हणायला लागले, तेव्हाच ओळखलं की आपली नोकरी काही खरी नाही. त्याहून वाईट म्हणजे काका दर खेपेला अंगठा वर करून मलाच धीर द्यायचे.

त्याच दिवसांत शेखी मिरवायला म्हणून मी दाण्यांचं ते रंगीत पट्ट्यापट्ट्यांचं चित्र तुला फोनवर पाठवलं. तुला वाटलं, मी नवं ब्लँकेट घेतलंय. लगेच तुझा फोन. "आडवे पट्टे? लाज कशी वाटत नाही गं! पट्टे उभे ठेवून पांघरायचं, म्हणजे माणूस वाढतो. आडवे घेतलेस की वाढ खुंटली. तरीच म्हटलं, हिचं लग्न का अडलंय!" मी पोट धरून हसले, आणि हसता हसता ते चित्र पुन्हा उघडलं. कारण धातूचे दाणेसुद्धा थरांबरोबर खालून वर, उभेच वाढतात. माझ्या चित्रात ते खुशाल आडवे झोपले होते. म्हणजे यंत्र जबडा उभा रचत होतं आणि मी बाई कॉम्प्युटरात त्याला आडवा घातला होता! उभा केल्याबरोबर पडद्यावर तडा दिसला, अगदी खऱ्या जागी. मग लेसरची वाट बदलली आणि त्यानंतरचा जबडा अखंड निघाला.

तो बसवून जखम भरल्यावर परवा सेखोतोकाकांनी पाप (मक्याच्या पिठाची आपली घट्ट उकड) आणि पालेभाजी चावून खाल्ली आणि ते ढसाढसा रडले. मीही रडले. फूरी सर उगाचच खिडकीची काच पुसत बसले. आत्या, हे तुझ्यामुळे झालं. आता तुझे आभार कुठल्या तोंडानं मानू? (चालतं तोंड सध्या काकांचं आहे.)

तुझीच,
दिबुसेंग

ता. क. : चूक कोणी शोधली, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, क्वाक्वाच्या एका ज्येष्ठ तज्ज्ञ बाईंनी. त्यांनी अहवालात तुझं नाव घातलंय. कोणा प्राध्यापकाचा फोन आला तर नुसती खोक.

आणखी ता. क. : सोबत नवं चित्र आहे. एका शाळकरी मुलीच्या गालाचं हाड, आणि तेही तडकतंय. पट्टे या वेळी उभेच आहेत, दहादा बघितलं. पण इथे सगळे मला फार हुशार म्हणायला लागलेत, त्यामुळे माझी चूक कोणी काढेना. तेवढा चष्मा लाव आणि मला मनापासून झाप.