न पुसलेला कठडा

चिंचवड गावठाण,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. गणू,

आक्काचे आशीर्वाद घे. दिपालीला दे आणि तुमच्या त्या बिननावाच्या बाईसाहेबांनाही दे. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरणं आपल्या घराण्यातच आहे, त्याला काय बोलायचं!

तुझा मेसेज मिळाला. 'रविवारी बारसं. आत्या आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं दिपालीचं म्हणणं.' दिपालीचं म्हणणं! साडेचार वर्षांनी सख्ख्या बहिणीला दोन ओळी धाडल्यास, त्याही बायकोच्या नावावर. शहाणाच आहेस. बाराव्या दिवसाचं बारसं तीन महिन्यांवर गेलं, लेकरू नुसतं 'बाळी' म्हणून वाढतंय, आणि अडलंय कुणामुळं, तर माझ्यामुळं. फोन हातात घेतला होता, पण जीभ उचलेना. लहानपणीसुद्धा भांडण झालं की मी तुझ्या दप्तरात चिठ्ठीच टाकायची, आठवतं? ही तसलीच समज. माझ्याबरोबर काम करणाऱ्या पिंकीचा नवरा तुमच्या निघोज्यातच कंपनीला येतो, त्याच्या हाती देते.

काम चालू आहे. पिंपळे सौदागरची तीच सोसायटी, चौदा मजले, सहा लिफ्ट. बटणं, जिन्याचे कठडे, दारांच्या मुठी, क्लबहाउसच्या नळाची तोटी. जिथं जिथं साऱ्यांचे हात लागतात, तिथं शालनबाई. निळं फडकं मुठींना, लाल संडासाला. औषध मारलं की लगेच कोरडं करायचं नाही, जरा ओलं राहू द्यायचं, तेव्हा कुठं जंतू मरतात. नवीन पोरी फवारतात की पुसतात. मी ओरडते, "अगं, दम धर की! त्यांना मरायला तरी वेळ दे."

त्या ओल्या वेळात मी नुसती उभी असते गणू, आणि तो वेळ मला फार आवडतो. सकाळी सातला ऊन तिरपं आत येतं आणि लिफ्टच्या स्टीलवर कालचे सगळे हात दिसायला लागतात. सातव्या मजल्याचं बटण नेहमी चिकट, तिथं नृत्याचा क्लास आहे, पोरं गोळ्या चघळत येतात. खाली, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, इवलासा पंजा असतो, रोज त्याच जागी. कुणाचा ते मला ठाऊक नाही. पण रोज तो पुसताना वाटतं, कुणीतरी झोपेत आपलं बोट धरलंय. मग फडकं फिरतं आणि स्टीलवर नुसतं ऊन उरतं.

आता माझी गंमत ऐक. मी स्वतः कशालाच हात लावत नाही. लिफ्टचं बटण कोपरानं दाबते. बसमध्ये दांडा न धरता उभी राहते. परवा कंडक्टर म्हणाला, "मावशी, सर्कशीतून आलात काय?" देवळातली घंटा साडेचार वर्षांत वाजवलेली नाही, देवाला वाटत असेल ही मुकी झाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण माझं फुंकणं फार झालं रे. पिंकीची पोर धावत आली की मी हात पदराखाली घेते. ती आता येतच नाही. मग तुझ्या लेकीला मांडीवर कशी घेऊ? कानाशी तोंड नेऊन नाव कसं सांगू?

दुपारी डोळा लागला की एक स्वप्न पडतं. एक कठडा असतो, लांबच लांब. आमच्या इथल्या जिन्यावरून निघतो, पवनेला पाठ करतो, मोशीवरून जातो आणि इंद्रायणीकाठी निघोज्यात आपल्या वावरात उतरतो. मी फडकं घेऊन त्याच्या कडेनं चालत असते. कठडा ऊन लागतो, जसं कुणी आत्ताच हात काढून घेतलाय. पुढं बघावं तर कुणी नाही. मी पुसत मात्र नाही. नुसती चालते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तात्यांना दवाखान्यात न्यायचं झालं, त्या दिवशी तू कंपनीत अडकला होतास. फोनवर म्हणालास, "आक्का, तात्यांना मोतीबिंदूसाठी तुझ्याकडं ठेवलं, आणि ते तूच घरात आणलंस." त्यावरून मी तुझ्याशी बोलणं टाकलं, असं साऱ्या भावकीला वाटतं. तुलाही. वाटू दिलं मी. खरं म्हणजे तू बोललास ते लागलं, पण राग नाही आला. कुणी आणलं ते देवालाच ठाऊक, मीच आणलं असेल. मला त्या रागाचं पांघरूण बरं पडलं. खाली दुसरंच झाकायचं होतं.

दवाखान्याची गाडी गल्लीत उभी होती. वर यायला माणूस नव्हता, खालून ओरडले, चालत असतील तर उतरवा. तात्या दारात आले आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. तोच बापाचा हात, वाकड्या करंगळीचा, ज्यानं आपल्याला नदीत पोहायला शिकवलं. आणि गणू, मी दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "तात्या, कठड्याला धरा."

त्यांनी बघितलं माझ्याकडं. रागानं नाही. "व्हय गं पोरी, कठडाच बरा," म्हणाले, आणि धरला. सोळा पायऱ्या उतरले. मी वरूनच बघत राहिले. ते परत आलेच नाहीत, पुढचं तुला माहीत आहे.

दुनियेचे कठडे पुसते मी, पण आमच्या जिन्याचा तो कठडा एकदाही पुसला नाही. त्यावर किती हात पडले असतील तेव्हापासून, रंगसुद्धा उडाला, माझंच खूळ. जाता-येता अंग चोरून भिंतीच्या बाजूनं उतरते.

काल तुझा मेसेज वाचला, बाहेर आले आणि कठडा धरला. उघड्या हातानं. गार होता, स्वप्नातल्यासारखा मुळीच नाही. पण सोळाव्या पायरीवर पोचेपर्यंत माझ्याच हातानं ऊन झाला. तिथं बसून मी रडले. खालच्या केसरबाई विचारत होत्या, पडलात का? हात मी लगेच धुतले नाहीत. भाकरी थापायच्या आधी धुतले, साबणानं, चार माणसं धुतात तसे.

हे वाचून 'येऊ नको' म्हणायचा तुला हक्क आहे. तसं असेल तर पिंकीच्या नवऱ्याकडं निरोप दे, मी रडारड करणार नाही. दिपालीला सांग, मग नाव तिच्या बहिणीला ठेवू दे, पोरीला बिननावाची ठेवू नका. पण निरोप आला नाही तर रविवारी सकाळी येते. नाव ठरवलंय. तुला सांगणार नाही, आधी तिच्या कानात.

आल्या आल्या मला नळ दाखव आणि साबण ठेव. हात धुवीन, कोरडे करीन आणि पुढं करीन. लेकीला तूच माझ्या हातात दे. मी मागं सरले, तर तू सरू नकोस.

हात पुढं केलेली,
तुझी आक्का