मी न बोललेलं वाक्य

प्रिय शरणबसव,

इथे सगळं ठीक आहे असं लिहून सुरुवात करायची माझी सवय तुला माहीत आहे. या वेळी तसं लिहिता येत नाही. मैंदर्गीत पाऊस बरा झालाय, तूर चांगली आलीय, तुझे वडील परवा बाजारात भेटले तेव्हा तुझ्या पुण्यातल्या नव्या घराबद्दल भरभरून बोलत होते. मी ऐकून घेतलं. त्यांना मी काही बोलले नाही, तू काळजी करू नकोस.

गेल्या वर्षी तू माईक घेऊन शाळेत आलास, तो आठवडा माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा होता. तू मागच्या बाकावर बसून माझे धडे टिपून घेत होतास आणि मी पोरांना सांगत होते की हा याच वर्गात शिकला, पहिलीत आला तेव्हा याला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. पाण्याला तू 'नीरु' म्हणायचास. मी म्हणायचे, बरोबर, नीरु म्हणजेच पाणी. तेवढ्यावर तू बोलता झालास. तू म्हणालास, तुमचा हाच आवाज आजूबाजूच्या शाळांत पोचवायचाय, तुम्ही आजारी पडलात तरी पोरांचा धडा चुकणार नाही. मी कशावर सही केली ते वाचलंसुद्धा नाही. तुझ्यासमोर काय वाचायचं?

मग तुझ्या कंपनीचा बोलका पडदा वर्गात आला, मी न बोललेली वाक्यंसुद्धा माझ्या आवाजात बोलणारा, आणि पोरं हरखली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी चौथीला शिकवत असताना पहिलीची मुलं माझ्याच आवाजात कविता ऐकायची. मग सोमलिंगची पोरगी चंद्रिका, पहिलीतली, घरी कन्नडच बोलणारी, शाळेत यायची बंद झाली. मी घरी गेले तर ती आईच्या पाठीमागे लपली. सोमलिंग खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुमीच तिला चूक म्हणलासा की. आता शाळेला येत न्हाय म्हणती." मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पडद्यासमोर बसले. पाण्याचं चित्र आलं, मी 'नीरु' म्हणाले, आणि माझाच आवाज मला म्हणाला, चूक, पुन्हा प्रयत्न करा. शरणबसव, मी आजवर एकाही लेकराला त्या शब्दावर चूक म्हटलेलं नाही. तुलाही नाही.

मला वाटलं, यंत्राची गफलत असेल, तुला सांगितलं की तू दुरुस्त करशील. म्हणून सोलापूरच्या शिक्षण परिषदेला मी मुद्दाम आले. शेजारी आपल्या शाळेतली दिपाली होती, कंत्राटावरची शिक्षिका, रोज वळसंगहून एसटीने येऊन दुसरी-तिसरी सांभाळणारी. तू व्यासपीठावर फार छान बोललास. मातृभाषेतून शिक्षण, शिक्षक हा वर्गाचा प्राण, नव्या धोरणातलं सगळं बोललास. मला अभिमान वाटत होता. मग तू आपल्या शाळेची चित्रफीत लावलीस. फळा, पोरं, मी. आणि माझा आवाज म्हणाला, "या पडद्यामुळे आता मला दुसऱ्या शिक्षकाची गरज वाटत नाही."

सभागृहात टाळ्या पडल्या. दिपालीने माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, मला आधी सांगायचं तरी." त्यानंतर तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. शिक्षण कार्यालयात मी जाऊन भेटले तर तिथल्या साहेबांनी मला चित्रफितीतलं ते 'माझंच' वाक्य ऐकवलं.

तुला फोन केला तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "अर्थ तोच होता ना बाई, आम्ही फक्त नीट मांडलं." पडद्याचा हातभार लागतो असं मी तुला म्हणाले होते, ते खरं. पण हातभार लागतो म्हणजे माणूस नको, हा अर्थ तुला कुठल्या वर्गात शिकवला? माझ्या तर नाही. यंत्रावर माझा राग नाही. त्याला काय कळतंय? नीरु म्हणजे काय ते तुला कळत होतं.

पडदा आता बंद करून ठेवलाय. चारही वर्ग मीच घेते, घसा बसतो. चंद्रिका परत यायला लागली आहे, दाराजवळ बसते. मुलांशी बोलते. मी काही विचारलं की जमिनीकडे बघते.

तुझं निमंत्रण मिळालं. शिक्षकदिनी तुझ्या कंपनीतर्फे माझा सत्कार, शाल, न्यायला गाडी. गाडी पाठवू नकोस. मी एसटीने येईन, दिपालीला बरोबर घेऊन. ती अजून हो म्हणालेली नाही, पण मी तिला विचारत राहणार आहे. शाल मी घेणार नाही. माईक मात्र घेईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की ते वाक्य माझं नव्हतं, ते कुणी तयार केलं हेही सांगेन, तुझं नाव घेऊन. त्यानंतर तुझ्या कामाचं काय होईल ते मला ठाऊक नाही. कार्यक्रम रद्द करायचा असेल तर अजून वेळ आहे, पण मग मी हे दुसरीकडे सांगेन. मला आणि दिपालीला भर सभेत कळलं, आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुझीच,
जगदेवीबाई