एकशे चाळीस माणसं, दोनशे सहा नाराज

तीर्थरूप दादास,
धाकटीचा नमस्कार.

“खिडकीपलीकडच्या माणसाला बसायला खुर्ची नसते, एवढं लक्षात ठेव,” असं बाबा मला नोकरीच्या पहिल्या दिवशी म्हणाले होते. तू शेजारीच उभा होतास आणि हसलास. मी मात्र ते लक्षात ठेवलं, आणि बावीस वर्षांनी त्यापायीच गोत्यात आले आहे. ते सांगण्याआधी, तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनींची पाठ? (मागच्या खेपेला मी जास्त बोलले. वहिनी विसरल्या असतील असं धरून चालते.) आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई तर इतकी बरी आहे की काल तिने मला तीनदा जेवायला वाढलं, आणि तिन्ही वेळा ‘सकाळपासून उपाशी आहेस गं’ म्हणाली. मी तिन्ही वेळा जेवले. मी कामावर असताना शेजारच्या काकू दोनदा डोकावून जातात, पण रात्री तिच्याजवळ मीच लागते.

तर आमच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात सुधारणा आली आहे. सुधारणा म्हणजे नवे साहेब, एक सल्लागार बाई आणि भिंतींना पोपटी रंग. सहापैकी चार खिडक्या बंद करून त्यांच्यावर ‘आम्ही आपल्यासाठी सदैव खुले’ असा लांबलचक फलक ठोकला. (त्याला दुसरीकडे जागा नव्हती.) उरलेल्या दोन खिडक्यांपैकी एक माझी आणि एक नानांची. नाना म्हणजे तेच, ज्यांच्या निवृत्तीला गेली दहा वर्षं दोनच वर्षं उरली आहेत. दोन्ही खिडक्यांबाहेर एकेक डबी बसवली. तिच्यावर दोन बटणं, एक हसऱ्या तोंडाचं, एक रडक्या. आलेल्या माणसाने जाताना त्यांतलं एक दाबायचं. मृत्यूचा दाखला न्यायला आलेला माणूस हसरं तोंड कसं दाबेल, असं मी सभेत विचारलं. सल्लागार बाई “छान मुद्दा!” म्हणाल्या आणि त्यांनी तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटवला. चिठ्ठी अजून तिथेच आहे.

दुसऱ्याच दिवशी एक म्हातारे शिंपी आले. त्यांच्या बायकोच्या मृत्यूच्या नोंदीत वय एकशे सात पडलं होतं. बाई गेल्या सत्तराव्या वर्षी. पूर्वी मी असली चूक तांबड्या शाईने दुरुस्त करून वर साहेबांची सही घेत असे, दहा मिनिटांचं काम. आता सगळं संगणकावर, आणि संगणक शंभराच्या वरच्या वयाची नोंद उघडतच नाही. म्हणजे चुकलेलं वय दुरुस्त करायचं तर ते आधी बरोबर असायला हवं. आजोबा म्हणाले, “अहो, ती आयुष्यभर पाच वर्षं कमी सांगायची. हे वाचलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.” मी हसले, मग मला रडू आलं, मग त्यांनीच मला “तुम्ही तरी काय करणार, बाई” म्हणून समजावलं आणि जाताना हसरं बटण दाबलं.

पण दादा, त्यांचं काम झालं नव्हतं. मी हात बाहेर काढून रडकं बटण दाबलं. माणूस कसा परत गेला तेच ती डबी विचारते आहे, असं मला वाटलं. आणि खोटी नोंद मी आजवर कधी केलेली नाही. मग सवयच लागली. कोणी हात हलवत परत गेलं की मी दाबायची. एक बाई तान्हं घेऊन चौथ्यांदा आली होती, तिच्यासाठी चारदा दाबलं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं. माझ्या खिडकीवर एकशे चाळीस माणसं आली होती आणि दोनशे सहा नाराज झाली होती. हे कसं, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. सल्लागार बाई म्हणाल्या, काही नागरिकांची नाराजी खोल असते. शेवटी मीच कबूल केलं.

“स्वतःच्याच विरुद्ध?” साहेब म्हणाले. “पण का?”

“त्यांची कामं झाली नव्हती.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता ते कोणती कामं म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं, “तुम्हाला घरी काही त्रास आहे का?” हसऱ्या बटणांच्या मोजणीत नाना पहिले आले. (चहाला जाता-येता ते आपलं हसरं बटण दाबतात, त्यामुळे आता चहा आठ वेळा होतो.) त्यांचा फोटो भिंतीवर लागला. मी बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ताई, माणसाने स्वतःवर एवढं रागावू नये. तब्येतीला बरं नसतं.”

माझी बदली झाली आहे. जुन्या कागदपत्रांच्या गोदामात, जिथे नागरिक येत नाहीत. बसने पाच तास. राहायला एक खोली मिळते, जिना शिडीसारखा आहे, आईला चढता येणार नाही. बदली थांबवायचा अर्ज केला. त्यात ‘पती’ असा रकाना आहे, ‘अपत्य’ असाही आहे, ‘आई’ असा नाही. मी समासात लिहिलं. समासातलं संगणक वाचत नाही.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुझी,
धाकटी

ता. क. – हे पत्र तुला हसू यावं म्हणून लिहिलं आहे. वहिनींनाही वाचून दाखव.

ता. क. दुसरा – पहिल्या तारखेपासून आईला सहा महिने तुझ्याकडे ठेवशील का? तिचा त्रास नाही. वाळलेले टॉवेल पुन्हापुन्हा घड्या घालायला दिले की ती तासभर बसते. तुला बाबांच्या नावाने हाक मारेल, तेवढी ओ दे. तुझा तिसरा मजला, वहिनींची पाठ आणि मुलीची परीक्षा ही तिन्ही कारणं खरी आहेत, मला ठाऊक आहे. तरी विचारते. ठेवशील का? आणि नाही म्हणायचं असेल तर पत्रानेच कळव. दुपारी फोन केलास तर तो आई उचलते.