कागदावर बंद असलेलं घर

मंगळवार, संध्याकाळ. टिटवाळा

दिवाळीपासून विजेचं बिल आलं नाही, म्हणून आज कार्यालयात जाऊन विचारलं. तिथल्या बाई कॉम्प्युटरवर बघून म्हणाल्या, "ताई, तुमचा मीटर कायमचा बंद दाखवतोय." बंद करायचा होता शेजारच्या रिकाम्या फ्लॅटचा, नोंद झाली आमच्या नंबरवर.

"अहो, पण घरात पंखे फिरतायत!"

"तेच तर. तपासणीला कोणी आलं तर चोरी म्हणतील. अर्ज द्या. पण आधी लाइन तोडतील, मग नवीन जोडतील. एखादा दिवस जाईल."

एखादा दिवस! आईचं ऑक्सिजनचं मशीन तासभरही बंद ठेवता येत नाही.

घरी आल्यावर माझा नवरा सुधीर चिडला. "तुला कोणी सांगितलेलं विचारायला? गप्प बसली असतीस तर चाललं असतं ना."

चाललं असतं? आता जिन्यात पावलं वाजली तरी उठून दाराला कान लावते. आतल्या खोलीत मशीन घरघरतंय. एरवी त्या आवाजाने धीर यायचा.

आईने सगळं ऐकलेलं. म्हणाली, "अगं, चोर म्हणून वर गेले तर तुझे बाबा दारातसुद्धा उभं करायचे नाहीत." हसता हसता तिला दम लागला. मला हसू आलंच नाही.

अर्ज लिहिलाय. सकाळी ठाकुर्लीहून भाड्याचा सिलिंडर येईल. त्यावर आई नीट श्वास घेतेय हे पाहीन, मगच अर्ज देईन. तोडायला येणाऱ्या माणसाला दार मात्र सुधीरने उघडायचं. माझ्याच्याने ते होणार नाही.